उतरते पाणी आणि चढते पाणी

सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात कोसळणाऱ्या पावसाने फुगून, चंदगडच्या डोंगराळ भागातून आणि हुक्केरीच्या माळांमधून पूर्वेस वाहत येणारी घटप्रभा गोकाकच्या अलीकडे नालाकृती वळलेल्या वालुकाश्माच्या कड्यावर येते आणि तेथून सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. तिचे मातकट तांबूस पाणी, दरीत उठणारे तुषार आणि नदीवरून गेलेला झुलता पूल पाहण्यासाठी बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या बाजूची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या कारखानदारांनी हा कडा पाहिला त्यांना मात्र त्या देखाव्यात एक हिशेबही दिसला, आणि त्या हिशेबाच्या भरवशावर १८८७ साली येथे सूतगिरणी सुरू होऊन तिची यंत्रे पाण्याच्या टर्बाइनांनी फिरू लागली. तो हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल इतका सरळ आहे. दर सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर पाणी ५२ मीटर खाली उतरले, तर त्यातून अधिकात अधिक सुमारे ५१० किलोवॅट शक्ती मिळू शकते. प्रत्यक्षात तिच्यातील किती पदरात पडते, हे पाणी ज्या नळांतून, ज्या वळणांतून आणि ज्या पात्यांवरून जाते त्यांच्या घडणीवर ठरते. या घडणीचा विचार करणारे जे शास्त्र, त्यालाच प्रवाहशास्त्र म्हणतात. पाणी, तेल, वाफ, हवा, जे जे म्हणून वाहते ते सर्व त्याच्या अंमलाखाली येते.

गोकाकहून वायव्येस निपाणीच्या बाजूला गेले म्हणजे हाच हिशेब उलटा मांडलेला आढळतो. वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या काठांवर उसाचे मळे आहेत, त्यामागे तंबाखूची काळी राने आहेत, आणि नदीचे पाणी त्या मळ्यांपेक्षा पुष्कळ खाली वाहते. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बांधून, पावसाळा सरल्यावर त्यांत बरगे घालून पाणी अडविले तरी ते आपण होऊन शेतावर चढत नाही. जॅकवेल, पंपहाऊस आणि मैल-अर्धा मैल लांबीचे नळ यांची तजवीज करून ते वर न्यावे लागते. गोकाकला उतरणारे पाणी शक्ती देते, निपाणीला चढणारे पाणी शक्ती मागते, आणि दोन्हीकडे गुरुत्वाकर्षणाचा नियम एकच असल्याने देणेघेणेही त्याच दराने होते. विजेचे एक युनिट आदर्श परिस्थितीत सुमारे १२ हजार लिटर पाणी ३० मीटर वर चढवू शकते. चांगला पंप आणि चांगली मोटर असेल तर त्याच युनिटात ७ हजार लिटरांच्या वर पाणी चढते. झिजलेला पंप, दोन-तीन वेळा वायंडिंग केलेली मोटर आणि अरुंद नळ असा संसार असेल तर ३ हजार लिटरांपाशीच गाडे थांबते. ऊर्जेचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी धरणे आणि अणुभट्ट्या उभ्या राहतात. माझी मात्र अशी खात्री झाली आहे की आपल्या या सीमाभागापुरता तरी त्या प्रश्नाचा फार मोठा हिस्सा या ७ हजार आणि ३ हजार यांमधील अंतरात दडलेला आहे, आणि ते अंतर मिटविण्याचे ज्ञान जगाच्या कोठल्या दूरच्या टोकाला नसून बरेचसे आपल्याच माणसांच्या हातांतून घडलेले आहे.

हे ज्ञान साठत गेले त्याला सुमारे तीनशे वर्षे लागली. स्विस गणिती डॅनिएल बर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाहत्या पाण्याचा वेग, दाब आणि उंची यांचे परस्परांशी असलेले नाते मांडले. लिओनार्ड ऑयलरने फिरत्या पात्यांमधून जाणारे पाणी त्या पात्यांना किती बळ देते किंवा त्यांच्याकडून किती घेते याचे समीकरण सिद्ध केले. आजही टर्बाइनचा किंवा पंपाचा कोणताही आराखडा त्याच समीकरणापासून सुरू होतो. पुढे १८२२ मध्ये फ्रान्सच्या नाविए याने आणि १८४५ मध्ये इंग्लंडात स्टोक्स याने द्रवाच्या अंतर्गत घर्षणासह त्याच्या गतीची संपूर्ण समीकरणे लिहिली. ती कागदावर दोन-चार ओळींत मावतात, परंतु त्यांची उकल सर्व परिस्थितींत नीट वागते की नाही हे अद्यापि कोणाला सिद्ध करता आलेले नाही, आणि त्या सिद्धतेसाठी २००० साली अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने लावलेले दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक अजून तसेच पडून आहे. ही अडचण निव्वळ गणितज्ञांची आहे असे कोणी समजू नये. १८८३ साली मँचेस्टरला ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखविले की वेग कमी असेपर्यंत ती धार सरळ, अभंग राहते, आणि एका मर्यादेनंतर ती फुटून साऱ्या नळीभर पसरते. या दुसऱ्या अवस्थेला संक्षुब्ध प्रवाह म्हणतात. ज्या अंकावरून ती अवस्था ओळखतात तो रेनॉल्ड्स अंक दोन-अडीच हजारांपलीकडे गेला की नळीतला प्रवाह फुटू लागतो. चार इंची नळातून सेकंदाला दहा लिटर पाणी जात असता तो सव्वा लाखाच्या घरात असतो. म्हणजे वेदगंगेकाठच्या प्रत्येक नळात, चोवीस तासांतील जितका वेळ वीज असेल तितका वेळ, पदार्थविज्ञानातील एक अनिर्णित प्रश्न वाहत असतो, आणि त्यातून उठणाऱ्या असंख्य लहानमोठ्या भोवऱ्यांत आपल्या पैशाची ऊर्जा उष्णता होऊन विरून जाते.

समीकरणे सुटत नसली तरी यंत्रे बांधायची थांबत नाहीत, म्हणून अभियंत्यांनी प्रयोगाची वाट धरली. त्या वाटेवरचा एक मोठा टप्पा कापडगिरण्यांच्याच गावात पडला हे गोकाकच्या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. अमेरिकेतील लोवेल येथे गिरण्यांच्या पाण्याचा बंदोबस्त पाहणाऱ्या जेम्स फ्रान्सिस याने १८४९ च्या सुमारास टर्बाइनवर काटेकोर मापने घेऊन पात्यांना असा आकार दिला की पाणी बाहेरून आत येताना धक्का न देता वळावे आणि जाताना आपली बहुतेक गती मागे ठेवून जावे. त्याच्या नावाने ओळखले जाणारे टर्बाइन आजही जगातील जलविद्युत केंद्रांत सर्वांत अधिक वापरले जाते. गोकाकचे पाणी मात्र हंगामी. उन्हाळ्यात कडा कोरडा पडे आणि गिरणीचे बळ आटे. धबधब्याच्या वरच्या अंगास धुपदाळचा बंधारा १८९७ साली झाला तो मुख्यतः कालव्यासाठी, आणि हिडकलचे मोठे धरण तर स्वातंत्र्यानंतरचे. प्रवाहाचे शास्त्र कितीही अवगत असले तरी प्रवाहच नसेल तर ते निरुपयोगी ठरते, हे आपल्या देशातील प्रत्येक जलविद्युत योजनेला कमीअधिक प्रमाणात भोगावे लागले आहे.

आता चढत्या पाण्याकडे वळू. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी २० जून १८६९ रोजी जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे वैरण कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनविले, आणि नगराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. हा इतिहास मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्यातील नांगराची कथा वारंवार सांगितली जाते. पंपाची कथा तितकी सांगितली जात नाही, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे. १९२० च्या दशकात त्या कारखान्याने केंद्रोत्सारी पंप बनविण्यास आरंभ केला आणि त्यानंतरच्या अर्धशतकात कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, घटप्रभा यांच्या काठांवरची मोट हळूहळू अस्तंगत झाली. बैलांच्या जोडीने दिवसभर उतारावरून खाली-वर करून जे पाणी उपसावे ते ओतीव लोखंडाच्या एका पंपाने तासा-दोन तासांत वर येऊ लागले, तेव्हा या भागातील पीकरचना, कर्जव्यवहार, सहकारी पाणीपुरवठा संस्था आणि साखर कारखाने या साऱ्यांचाच पाया घातला गेला.

त्या पंपाच्या पोटात काय चालते ते थोडे निवांतपणे पाहण्याजोगे आहे. मध्यभागी इंपेलर नावाचे चाक असते; त्याला मागे वळलेली पाती असतात, आणि ते मिनिटाला सामान्यतः दीड हजार किंवा तीन हजार फेऱ्यांच्या जवळपास फिरते. पाणी चाकाच्या मध्यातून आत येते, पात्यांमधील वाटांतून कडेकडे फेकले जाते आणि मोठ्या वेगाने बाहेर पडते. वेग असलेले पाणी आणि दाब असलेले पाणी यांत भेद आहे. उंचावर चढण्यासाठी दाब हवा, म्हणून चाकाभोवतीचे शंखाकृती कवच क्रमाक्रमाने रुंद होत जाते, त्यात पाण्याचा वेग मंदावतो आणि बर्नुलीने सांगितल्याप्रमाणे त्या वेगाचे दाबात रूपांतर होते. हे रूपांतर घडवून आणणे हेच सर्वांत कठीण काम आहे. वाट फार लवकर रुंदावली तर भिंतीलगतचा पाण्याचा पातळ थर, ज्याला १९०४ साली जर्मनीच्या लुडविग प्रांटल याने सीमास्तर म्हणून ओळखले, तो भिंत सोडून सुटा होतो आणि त्याच्या मागे भोवरे माजतात. फार सावकाश रुंदावली तर लांबलचक भिंतीशी होणाऱ्या घर्षणातच दाब खर्ची पडतो. पात्याचा कोन दोन-चार अंशांनी चुकला, ओतकामात आतला पृष्ठभाग खडबडीत राहिला, चाक आणि कवच यांमधील फट झिजून वाढली, की ज्याची कार्यक्षमता ७० टक्के असावी असा पंप चाळिशीत येतो. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण पाणी तर येतच असते.

याच पोटात आणखी एक शत्रू वावरतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, परंतु खरे पाहता वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलत असतो आणि त्याची मजल समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटरच असते. साडेसातशे मीटर उंचीवरील बेळगावात तीही जवळजवळ एक मीटरने घटते. घर्षण वगैरे वजा जाता सहा-सात मीटरांहून खोल पाण्यावर पंप ठेवला, किंवा फुटव्हॉल्व्हची जाळी गाळाने, पाल्याने तुंबली, तर इंपेलरच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की थंड पाणीच उकळू लागते आणि त्यात वाफेचे बुडबुडे उठतात. पुढे दाब वाढताच ते बुडबुडे क्षणार्धात मिटतात, आणि त्या मिटण्याचा आघात एवढा तीव्र असतो की पोलादावरही खड्डे पडतात. लॉर्ड रॅले याने १९१७ मध्ये या आघाताचे गणित मांडले ते युद्धनौकांचे पंखे का खचतात याचा उलगडा करण्यासाठी. आपल्या पंपहाऊसमध्ये मात्र त्याची खूण कानांनीच पटते: पंपातून खडी फिरत असल्यासारखा आवाज येतो, आणि वर्षा-दोन वर्षांत इंपेलर वाळवी लागल्यागत पोखरलेला निघतो.

हे सर्व दोष आराखड्यातच टाळावयाचे तर पाण्याची चाल आधी पाहता आली पाहिजे. त्यासाठी पहिल्याने प्रतिकृती आल्या. मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यात १९१६ साली एक स्वतंत्र शाखा काढण्यात आली, आणि तिचीच पुढे पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून ख्याती झाली. धरणाची किंवा नदीच्या पात्राची शंभरपट लहान प्रतिकृती केली तर तीतील पाणी खऱ्याच्या एकदशांश वेगाने सोडावे, म्हणजे लाटा आणि उसळ्या दोन्हीकडे सारख्या उठतात, हा फ्राउड याचा नियम तेथे नित्य व्यवहारातला. या केंद्राचे बराच काळ धुरीण असलेले क्लॉड इंग्लिस यांनी पाटातील पाणी मोजण्यासाठी अशी एक अरुंद वाट सिद्ध केली की तिच्या खालच्या अंगास उभी लाट कायम राहते आणि वरच्या अंगाची केवळ खोली पाहून पाण्याचा अचूक हिशेब लागतो. इंग्लंडमध्ये १९४७ साली सरकारी जलसंशोधन केंद्र उभे राहिले तेव्हा त्याच्या पहिल्या संचालकपदी याच इंग्लिस यांना नेमण्यात आले. म्हणजे या एका विद्येत तरी शिकवणीचा ओघ खडकवासल्याहून विलायतेकडे गेला. त्याच खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आपली स्वयंचलित दारे बसविली होती. पूर चढला की पाण्याच्याच बळाने ती उघडत आणि ओसरला की मिटत, पहारेकऱ्याची गरज पडत नसे. विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून स्थापत्याची पदवी घेऊन मुंबई सरकारच्या नोकरीत शिरलेले. त्यांच्या नावाचे तंत्रविद्यापीठ १९९८ पासून बेळगावात आहे.

त्याच महाविद्यालयाच्या पुढच्या रूपातून, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, १९६२ साली पदवीधर झालेल्या एका मराठी माणसाने पुढे जे केले ते या साऱ्या विषयाला कलाटणी देणारे ठरले, आणि त्याचे नाव आपल्या सुशिक्षित वर्गातही फारसे ऐकू येत नाही याची मला मनापासून खंत वाटते. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ चा, पुण्याचा. मुंबईच्या आय.आय.टी.तून उच्च पदवी घेऊन ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग यांच्याकडे संशोधनास गेले, १९६७ मध्ये डॉक्टरेट मिळविली, आणि १९७२ मध्ये गुरु-शिष्यांनी मिळून प्रवाहाची समीकरणे संगणकावर सोडविण्याची ‘सिंपल’ या नावाने विख्यात झालेली पद्धती प्रसिद्ध केली. नंतरची त्यांची कारकीर्द अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात गेली.

त्या पद्धतीचे मर्म सांगणे अवघड नाही. पंपाच्या पोटातील सारी जागा लक्षावधी लहान कप्प्यांत विभागली आहे अशी कल्पना करावी. प्रत्येक कप्प्यात जितके पाणी शिरते तितकेच बाहेर पडले पाहिजे, आणि त्याच्या गतीत जो फरक पडतो तो भोवतालच्या दाबाने व घर्षणाने घडला पाहिजे. वेगासाठी समीकरण आहे. दाबाला मात्र स्वतःचे असे समीकरण नाही, तो वेगाच्या आडोशाने राहतो, आणि तेथेच पूर्वीच्या लोकांचे गाडे अडत असे. पाटणकर-स्पॉल्डिंग यांनी असे सुचविले की आधी दाब अदमासाने धरावा, त्यावरून वेग काढावेत, मग प्रत्येक कप्प्यात आवक-जावकीचा ताळा पाहावा, आणि जेथे तो जुळत नसेल तेथे जितके पाणी कमी-जास्त पडते त्याच्या प्रमाणात दाब दुरुस्त करून पुन्हा वेग काढावेत. असे फेरे करता करता सर्व कप्प्यांचा ताळा जुळतो आणि प्रवाहाचे चित्र हाती येते. संक्षोभाचा मूळ प्रश्न यानेही सुटला नाही, त्यासाठी अदमासाची निराळी समीकरणे जोडावीच लागतात. परंतु पूर्वी ज्या पंपासाठी लाकडाचे साचे पुन्हा पुन्हा घडवून ओतकाम करावे आणि चाचणीच्या हौदावर लावून पाहावे लागे, त्याचे अनेक आराखडे आता ओतकामापूर्वीच तपासता येऊ लागले. १९८० साली प्रसिद्ध झालेले पाटणकरांचे आटोपशीर पाठ्यपुस्तक जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अभ्यासले गेले. बॉयलर, जेट इंजिने, भट्ट्या, एवढेच काय पण संगणकांची मोठाली केंद्रे थंड ठेवण्यासाठी जमिनीखालून सोडलेली हवा, या सर्वांच्या आराखड्यांत ही पद्धती किंवा तिच्यापासून निघालेल्या पद्धती वापरल्या जातात.

आपल्या भागात हिचा उपयोग करण्याजोगी क्षेत्रे काही थोडी नाहीत. सौंदत्तीच्या बाजूच्या टेकड्यांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांना, आल्बर्ट बेट्झ याने १९२० च्या सुमारास सिद्ध केल्याप्रमाणे, वाऱ्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा कधीच घेता येणार नाही. तिच्या किती जवळ जाता येते हे पात्याच्या आकारावर आणि टेकडीवरून वारा कसा वळतो यावर अवलंबून आहे. साखर कारखान्यांत बगॅस जाळून वीज काढतात तेथे भट्टीत हवा कोठून, किती सोडावी हाही याच शास्त्राचा विषय. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांतून तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणांचे पंप आणि व्हॉल्व्ह तयार होतात आणि या मालासाठी बेळगावचे नाव देशभर आहे. अशा यंत्रणेत जास्तीचे तेल झडपेतून नुसतेच टाकीत परत सोडले तर त्यावर खर्चलेली सारी शक्ती तेल तापविण्यात जाते, म्हणून जरुरीपुरतेच तेल ढकलणारा पंप रचणे हा तेथील अभियंत्यांच्या कसबाचा भाग आहे. या प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हावा. मला मात्र पुन्हा निपाणीकडे जाणे भाग आहे, कारण शास्त्र आणि शेत यांची गाठ तेथे प्रत्यक्ष घालून पाहण्यात आली.

कर्नाटक सरकार दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज विनामूल्य देते. हुबळीच्या विद्युत पुरवठा कंपनीवर, म्हणजे आपल्या हेस्कॉमवर, तिचा भार पडतो आणि तो सरकारी तिजोरीतून भरून काढावा लागतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता कार्यालयाने शेतीपंपांसाठी जी योजना आखली तिचा पहिला प्रयोग सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या बाजूस झाला आणि तेथे दोन हजारांहून अधिक जुने पंप काढून नवे बसविण्यात आले. तशाच धर्तीवर केंद्राच्या ऊर्जा दक्षता सेवा कंपनीने हेस्कॉमच्या निपाणी आणि ब्याडगी या उपविभागांत पाचशेहून अधिक पंपसंच बदलले. शेतकऱ्याकडून पंपाचे पैसे घ्यावयाचे नाहीत, वाचलेल्या विजेच्या किमतीतून भांडवल वसूल करावयाचे, अशी त्यामागील मसलत होती. ती मला अत्यंत न्याय्य वाटते. ज्याला वीज फुकट मिळते त्याने स्वतःच्या खिशातून उत्तम पंप घ्यावा अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे, आणि त्याबद्दल त्याला दूषण देणे तर अधिकच अन्यायाचे. दाब कमी-जास्त होऊन मोटर जळण्याची भीती ज्याच्या डोक्यावर नित्य असते तो जाड तारेची, जास्त अश्वशक्तीची मोटर निवडतो, कारण ती टिकते. आपल्या परीने त्याचाही हिशेब चोखच असतो.

परंतु नुसता पंप बदलल्याने काम संपत नाही. प्रत्येक पंपाची एक नेमकी उंची आणि एक नेमका प्रवाह असतो, त्यांपाशीच त्याची कार्यक्षमता सर्वाधिक असते, आणि त्यापासून दूर गेले की पात्यांवर येणारे पाणी चुकीच्या कोनात आदळू लागते. पंधरा मीटर पाणी चढवावयाचे असता तीस मीटरांचा पंप बसविला, तर कारखान्याच्या चाचणीत त्याला कितीही तारे मिळालेले असोत, मळ्यात तो वीज नासवणारच. म्हणून विहिरीतील किंवा नदीतील पातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कोठे असते हे पाहून, जागेवर मोजून पंप ठरवावा लागतो.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट नळाची. संक्षुब्ध प्रवाहात तेवढेच पाणी न्यावयाचे असता घर्षणाने होणारा नाश व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात वाढतो. हा नियम वाचताना रुक्ष वाटतो. तो ३०० मीटर लांबीच्या नळाला लावून पाहावा. सेकंदाला दहा लिटर पाणी चार इंची नळातून नेले तर घर्षणापोटी सुमारे ५ मीटर उंची चढविण्याएवढा दाब खर्च होतो, आणि तेच पाणी तीन इंची नळातून नेले तर सुमारे २१ मीटर चढविण्याएवढा. मळ्याची खरी उंची ३० मीटर असेल तर पहिला पंप ३५ मीटरांचे काम करतो, दुसरा ५१ मीटरांचे, आणि हा जादा भार नळ जमिनीत आहे तोवर दर तासाला चालूच राहतो. नळ घेताना वाचविलेले पैसे एकदाच वाचतात. वीज फुकट असल्याने हा तोटा शेतकऱ्याच्या वहीत उमटत नाही, तो हेस्कॉमच्या वहीत आणि अखेर सरकारी अंदाजपत्रकात उमटतो. शेतकऱ्याच्या वाट्याला येते ते मळ्याच्या टोकाला बारीक होत गेलेले पाणी.

आणखी एक आक्षेप जाणकार घेतात आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. शेतीला वीज ठरावीक तासच मिळते. पंप सुधारला म्हणजे त्याच तासांत अधिक पाणी उपसले जाते, ऊस वाढतो आणि विजेची बचत कागदावरच राहते. नदीकाठी हे काही प्रमाणात सोसेल, पण विहिरी आणि बोअरवर अवलंबून असलेल्या कोरडवाहू गावांत ते घातक ठरेल. म्हणून पंप बदलताना पाण्याचेही मोजमाप बसविले पाहिजे, आणि इंग्लिस यांच्या उभ्या लाटेच्या वाटेसारखी साधने तर आपल्या पाटबंधारे खात्याच्या दप्तरात शंभर वर्षांपासून आहेत.

वेदगंगेच्या एका तीरावर कागल तालुक्यात महावितरणची वीज येते, थोडे पुढे गेले की हेस्कॉमची. दर निराळे, सवलती निराळ्या, अर्जाची भाषाही निराळी. पंप मात्र बहुधा त्याच कोल्हापुरी-इचलकरंजीच्या दुकानांतून आणलेला आणि त्याच रोगांनी पछाडलेला असतो. बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी यंत्रशास्त्राचे शेकडो विद्यार्थी बाहेर पडतात, संगणकावर प्रवाहाची रंगीत चित्रे काढून प्रबंध सादर करतात. त्यांपैकी काहींना दोन्ही राज्यांच्या वीज कंपन्यांनी मिळून एकेका गावचे पंप तपासण्याचे काम लावून दिले, तर प्रवाहशास्त्र त्यांना पुस्तकापेक्षा फार लवकर अंगवळणी पडेल, आणि त्यासाठी मोठी सामग्रीही लागत नाही.

दोनशे लिटरचे एक पिंप, हातातले घड्याळ, उंची मोजण्याची दोरी आणि तारेला चिमटा लावून मोटर किती किलोवॅट घेते ते दाखविणारे लहानसे मापक एवढ्यावर भागते. पिंप वीस सेकंदांत भरले तर पंप सेकंदाला दहा लिटर पाणी देतो. नदीच्या पातळीपासून नळाच्या तोंडापर्यंत ३० मीटर उंची असेल तर त्या पाण्यावर झालेले उपयुक्त काम सुमारे २.९ किलोवॅट. मापक ७.५ किलोवॅट दाखवीत असेल तर पूर्ण संचाची कार्यक्षमता ३९ टक्के झाली, आणि उरलेल्या साडेचार किलोवॅटांचा शोध फुटव्हॉल्व्हच्या जाळीपासून सुरू करून नळाचा व्यास, सांध्यांची गळती, इंपेलरची झीज आणि मोटरचे वायंडिंग या क्रमाने वर यावे.